मेसेजखालची एक ओळ

सकाळी साडेपाचला माझा फोन वाजायचा बंद झाला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं. तरी त्या वेळेला जाग येतेच. नाशिकच्या आमच्या कॉलनीत त्या सुमाराला दूधवाल्याची मोटारसायकल येते, खालच्या मजल्यावरचे काका फिरायला निघताना गेटची कडी वाजवतात, आणि मी पडल्या पडल्या उशाजवळचा फोन चाचपते. तो गप्प असतो. मग उठते, चहा टाकते आणि दिवसाला लागते. एकेकाळी याच आवाजाचा मला एवढा संताप यायचा की यजमान म्हणायचे, अगं, बंद करून झोपत जा तो फोन. मी काही तो बंद केला नाही. दुसऱ्याच पद्धतीनं बंद पाडला.

तो मेसेज माझ्या दादाचा असायचा. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. नामपूरच्या पुढं मोसम नदीच्या काठाला आमचं गाव आहे, तिथं तो आणि वहिनी राहतात. घरच्या ग्रुपवर रोज सगळ्यात आधी त्याची हजेरी लागायची. कधी दव पडलेला गुलाब आणि त्यावर सुविचार, कधी लिंबू-हळदीनं बरे होणारे सतरा रोग, कधी ‘हा मेसेज दाबून ठेवू नका’ असा दम. आणि प्रत्येक मेसेजच्या खाली त्यानं स्वतः लिहिलेली एक ओळ. ग्रुपवर आम्ही वीस-बावीस जण असू, पण ती ओळ माझ्यासाठी असायची, कारण तिची सुरुवात ‘माय’ या शब्दानं व्हायची. आमच्या बागलाणात लेकीला, धाकट्या बहिणीला लाडानं माय म्हणतात. ‘माय, थंडी पडली, कान बांध.’ ‘माय, डबा नेत जा.’ वरचं सगळं कुणाचं तरी आलेलं, खालची ओळ त्याची. मला वरचं दिसायचं आणि मी तडकायचे.

तेव्हा मी कळवणला राहत होते आणि तिथून पश्चिमेला, डोंगरातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होते. रोज सकाळी काळी-पिवळी जीप पकडायची, घाट चढून शाळा गाठायची, दुपारनंतर तोच घाट उतरून घरी यायचं. जीपमध्ये माणसं किती बसतात हे विचारायचं नसतं, अजून किती बसू शकतात हे विचारायचं असतं. दादा एकदा माझ्याबरोबर त्या जीपनं आला होता. घाट संपेपर्यंत त्यानं समोरची दांडी सोडली नाही. उतरल्यावर म्हणाला, तू रोज यातून येतेस? मी हसले होते.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही परिपाठ समजावून सांगायला नको. घंटा झाली की पोरं रांगेत उभी, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, आणि मग कुणीतरी पुढं येऊन ‘आजच्या ठळक बातम्या’ वाचायच्या. आमच्या शाळेत पेपर पोहोचायचा दुपारी, त्यामुळं आजच्या बातम्या कालच्या असायच्या. पुढं घरोघर फोन आले तशी मुलं फोनवरच्या बातम्या वहीत उतरवून आणायला लागली. एका पोरीनं एकदा गंभीर चेहऱ्यानं वाचलं की येत्या शनिवारी सगळी पृथ्वी सहा तास अंधारात जाणार आहे. अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या, कारण बातम्या संपल्या की टाळ्या वाजवायची आमची पद्धत होती. मी कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून मी नियम घातला. बातमी वाचायची तर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे कोणी सांगितलं? सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं का? काय सांगायचं गाळलं? आणि हे आपल्यालाच का सांगतोय? व्हरांड्यातल्या फळ्यावर एक कोपरा आखून घेतला. त्यावर लाल खडूनं ‘आजची खोटी बातमी’ असा मथळा, खाली मुलांनी आणलेला एखादा मेसेज, आणि आम्ही सगळे मिळून त्याची सालं काढायचो. पोरांना चटक लागली. एक आई शाळेत तक्रार घेऊन आली की बाई, आमची पोरगी शेजारणीचं नाव काढलं की विचारते, तिनं सोता पाहिलं का? मी तोंडावर गंभीर राहिले आणि आत फार खूश झाले.

तालुक्याच्या बैठकीत माझ्या या प्रश्नांचं कौतुक झालं, गुलाबाचं फूल मिळालं. सगळ्यांना वाटायचं, प्रश्न माझे. ते माझे नव्हते. दादाचे होते, आणि हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच पेपर यायचा, दहाच्या एसटीनं, स्टँडवरच्या हॉटेलात. तो दादा मोठ्यानं वाचायचा. ऐकायला बाकावर आठ-दहा म्हातारे, ज्यांना वाचता येत नव्हतं, आणि टोकाला दादाचा सदरा धरून मी. बातमी वाचून झाली की तो पेपर गुडघ्यावर ठेवायचा आणि आमच्या अहिराणीत विचारायचा, “हाई कोनी सांगं? लिव्हणारानी सोता देखं का?” एकदा पेपरात आलं की आमच्या भागात लिंबाएवढ्या गारा पडल्या. दादा वाचता वाचता थांबला. म्हणाला, गारा मी ओंजळीत धरल्या होत्या, बोराएवढ्या होत्या, हा लिहिणारा इकडं फिरकलेलाच नाही. मग बोराएवढ्या की लिंबाएवढ्या यावर म्हाताऱ्यांचं दोन चहांपर्यंत चाललं. वाचायला मला शाळेनं शिकवलं. वाचून झाल्यावर थांबायला मी त्या बाकावर शिकले.

अशा माणसाच्या हातात फोन आला आणि त्याचे प्रश्न कुठं गेले, हे मला कळेना. मी एकदा त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, “पेपर परक्याचा असतो, माय. हे तर आपल्या भाच्यानं पाठवलंय. घरच्या माणसाला कसं विचारायचं, तू पाहिलं का म्हणून?” मला हे उत्तर बालिश वाटलं. आता वाटत नाही. पण तेव्हा मी शिक्षिका होते, आणि शिक्षिकेची खोड अशी की चूक दिसली की हात शिवशिवतो. मी ग्रुपवर सगळ्यांच्या देखत लिहायचे, ‘दादा, हे खोटं आहे. पाठवायच्या आधी तपासत जा.’ तो त्यावर अंगठा टाकायचा. दुसऱ्या दिवशी साडेपाचला नवा मेसेज, खाली नवी ओळ.

त्या वर्षी मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली होती. त्या दिवशी शिक्षण खात्याचे एक साहेब आमचा उपक्रम बघायला येणार होते, आणि मला फळ्यासाठी ताजा मेसेज हवा होता. तो मला घरबसल्या मिळाला. ‘आज दुपारी बारा ते तीन सूर्यातून घातक किरणं पृथ्वीवर येणार. मोठ्या शास्त्रज्ञांचा इशारा. कुणीही बाहेर पडू नये. दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल.’ आणि खाली दादाची ओळ: ‘माय, घाटात जीप हळू चालवायला सांग.’

किरणांचा आणि जीपचा काय संबंध, असं मी दात घासता घासता स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. यजमानांनी पेपरातून मान वर केली आणि परत खाली घातली. ते माझ्या रागाच्या मध्ये येत नाहीत.

शाळेत गेल्या गेल्या तो मेसेज मी फळ्यावर उतरवला. वर लाल मथळा. पाठवणाऱ्याचं नाव अर्थातच लिहिलं नाही. खालची ओळही उतरवली, कारण मला तिच्यावर काहीतरी बोलायचं होतं. फक्त तिच्या सुरुवातीचा ‘माय’ गाळला. घरचं प्रकरण आहे हे कळू नये, एवढाच त्यामागं विचार. काय सांगायचं गाळलं, असं पोरांना रोज विचारणाऱ्या बाईनं एक शब्द पुसला आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

परिपाठ रंगला. मोठे शास्त्रज्ञ म्हणजे कोण, त्यांना नाव का नाही, दहाच जणांना का पाठवायचं, अकराव्याचा जीव वाचणार नाही का, असं मुलांनी धडाधड विचारलं. साहेब मान डोलवत होते, मुख्याध्यापक साहेबांकडं बघून मान डोलवत होते. मग मी छडीचं टोक शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, आता इथं बघा. ही काळजीची भाषा आहे. कुणीतरी आपलं माणूस बोलतंय असं वाटलं की वरचं सगळं आपण निमूट गिळतो. म्हणून ही ओळ टाकलेली आहे.

नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिचे आईवडील दिवाळी झाली की दिंडोरीकडं द्राक्षांच्या बागांवर कामाला जायचे ते थेट शिमग्याला परत यायचे. तोवर ती धाकट्या भावाला घेऊन मावशीकडं राहायची. वर्गात ती फारशी बोलत नसे.

“बाई, ही खालची ओळ खोटी नाय. ही कोनीतरी आपल्या मानसाला लिवलीय.”

“कशावरून?” मी विचारलं.

“वरचं समद्या लोकांना हे. खाली जीप हे, घाट हे. ज्याला घाट नाय, त्याला कशाला सांगल?”

वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते उत्तर तिनं दिलं होतं. एरवी मी तिला फळ्यापाशी बोलावून पाठ थोपटली असती. पण साहेब बघत होते, माझं वाक्य मी नुकतंच ठासून म्हटलं होतं, आणि ती ओळ कुणी कुणाला लिहिली आहे हे तिथं एकट्या मला ठाऊक होतं. मी म्हणाले, “तसं वाटावं म्हणूनच लिहितात. बस खाली.”

ती बसली. बसताना तिनं फळ्याकडं पाहिलं, माझ्याकडं नाही. साहेबांनी शेरेबुकात छान लिहिलं.

आता आमच्या शिक्षकांची एक रीत सांगते. जो उपक्रम फोटोत नाही तो झालाच नाही असं धरतात. झाड लावलं की फोटो, खिचडी शिजली की फोटो. तसा मुख्याध्यापकांनी त्या फळ्याचाही फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या, आणि कुणीतरी ‘अतिशय स्तुत्य उपक्रम, सर्वांनी वाचावे’ असं लिहून पुढं ढकलला. खोट्या मेसेजांवरचा माझा फळा स्वतःच मेसेज होऊन गावोगाव निघाला. दुपारपर्यंत तो मोसमच्या काठी पोहोचला. आमच्या गावच्या हॉटेलात, त्याच बाकावर, एका पोरानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. घरच्या ग्रुपवरच्या एका पुतण्यानं ओळ ओळखली आणि म्हणाला, काका, हा तर तुमचाच सकाळचा मेसेज, आणि अक्षर आत्याचं. सगळे हसले. चेष्टा वाईट नव्हती, गावात होते तशी होती. दादा चहा अर्धा ठेवून उठला.

हे मला फार उशिरा कळलं. मला तेव्हा फक्त एवढंच कळलं की दुसऱ्या दिवशी साडेपाचला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खरं सांगते, पहिले चार दिवस बरं वाटलं. शेवटी डोक्यात प्रकाश पडला वाटतं, असं मी यजमानांना म्हटलंसुद्धा. आठवडा गेल्यावर काळजी वाटली म्हणून फोन केला, तर वहिनीनं उचलला. सगळं ठीक आहे, ते मळ्यात गेलेत, म्हणाली. पुढच्या तीन फोनांनाही दादा मळ्यातच होता.

मग आखाजी आली. पुण्या-मुंबईकडं अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात. आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, सांजोऱ्या आणि आमरसाचं जेवण होतं. साठीला टेकलेल्या बायकाही त्या दिवशी झोक्यावर बसतात आणि त्यांना कुणी हसत नाही. मी एसटीतून उतरून घरी गेले तर दादा ओट्यावरच होता. मला बघून उठून उभा राहिला. मोठा भाऊ धाकट्या बहिणीसाठी उठून उभा राहतो हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

“या मॅडम,” तो म्हणाला. “बठा.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण जेवताना रस वाढतानाही मॅडम, झोक्याचा दोर ओढून बघतानाही मॅडम. कपाळाला आठी नाही, आवाजात धार नाही. रागावला असता तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण आदरानं वागणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? त्याच्या खिशात जुना बटणांचा फोन दिसला. मी विचारलं, दुसरा कुठं गेला? “नातवाला दिला,” तो म्हणाला. “आपल्या हातून काही खोटं पुढं जायला नको.”

हॉटेलातलं सगळं वहिनीनं मला चुलीपाशी सांगितलं. सांजोऱ्या तळता तळता, माझ्याकडं न बघता. आणि शेवटी म्हणाली, त्या एका ओळीला त्यांना अर्धा तास लागायचा. वरचं तर बोट दाबलं की जातं. ओळ मात्र चष्मा लावून, एकेक अक्षर हुडकून लिहायचे. ‘हळू’मधला ‘ळ’ सापडला नाही म्हणून मला झोपेतून उठवलं होतं. मी सांजोरी हातात घेऊन तशीच बसून राहिले. वहिनीनं ती माझ्या हातातून काढून ताटात ठेवली.

माफी मागायला काय लागतं, असं कुणीही म्हणेल. आमच्या घरात सॉरी हा शब्द बसमध्ये परक्याच्या पायावर पाय पडला तर वापरतात. आपल्या माणसाला तो म्हटला की आपलेपण संपलं असं मानतात. आणि दुसरं असं की मला योग्य रस्ता ठाऊक होता. मीच मुलांना शिकवला होता. पेपरात चुकीची बातमी पहिल्या पानावर येते आणि तिचा खुलासा आतल्या पानात मुंगीएवढ्या अक्षरांत, असं दाखवून मी म्हणायचे, चूक जेवढी मोठी छापली, दुरुस्ती तेवढीच मोठी छापायची, आणि त्याच जागी. म्हणजे मला त्याच फळ्यावर, त्याच लाल खडूनं लिहायला हवं होतं. ते मी केलं नाही. साहेबांचा शेरा होता, गुलाबाचं फूल होतं, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी मला ‘चार प्रश्नांच्या बाई’ म्हटलं तेव्हा मी नमस्कार केला आणि शाल पांघरून घेतली.

आम्ही नाशिकला आलो. मुलाचं घर जवळ आहे, भाजी दारात मिळते, घाट नाही, जीप नाही. आणि रोज साडेपाचला मला ते सगळं हवं असतं. तो दवाचा गुलाब हवा असतो, ते लिंबू, ती हळद. माझ्या फोनवर आता माहिती तपासून पाठवणारी बरीच शहाणी माणसं आहेत. त्यांचे मेसेज खरे असतात आणि त्यांच्याखाली काही लिहिलेलं नसतं. थंडी पडली, कान बांध, असं मला आता कुणी सांगत नाही. गेल्या दोन आखाज्यांना मी जाऊन आले. झोका बांधलेला असतो, रस असतो, आणि ओट्यावर दादा उठून उभा राहतो.

या हिवाळ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. शाळेच्या परिसरात बिबट्याचा एक व्हिडिओ फिरत होता. रस्त्याच्या दिव्याखालून बिबट्या चालत जातो, आणि खाली शाळेजवळच्याच एका पाड्याचं नाव. निम्मी मुलं शाळेत यायची बंद झाली होती. वनखात्याची माणसं येऊन बघून गेली, काही नाही म्हणाली, तरी आया सोडत नव्हत्या. “तुमचा एक परिपाठ घ्या, बाई,” ते म्हणाले. मी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून पहाटेची कळवणची एसटी धरली आणि पुढं जीप.

बिबट्याचं काम मुलांनीच केलं. मी फक्त व्हिडिओ दाखवला आणि चार प्रश्न फळ्यावर लिहिले. सहावीतली एक मुलगी म्हणाली, त्या पाड्यावर मी राहते, तिथं रस्त्याला दिवाच नाय. एक मुलगा म्हणाला, बिबट्या चालतो पण त्याची सावली चालत नाही. दहा मिनिटांत बिबट्या संपला. आयाही मागं उभ्या होत्या, त्या हसल्या. मुख्याध्यापक आभार मानायला पुढं आले तेव्हा मी म्हणाले, थांबा सर, माझं एक राहिलंय.

मी लाल खडू घेतला. तो कोपरा अजून आखलेला होता. मथळा लिहिला, ‘दुरुस्ती’. खाली किरणांचा तो मेसेज पाठ होता तसा लिहिला, आणि त्याच्याखाली ओळ, या वेळी पूर्ण: माय, घाटात जीप हळू चालवायला सांग. मग मुलांना सांगितलं, याच जागी उभं राहून मी तुमच्या ताया-दादांना सांगितलं होतं की हे सगळं खोटं आहे. वरचं खोटंच आहे. खालची ओळ खरी होती. नववीतल्या एका मुलीला ते कळलं होतं, तिनं कारणही दिलं होतं, आणि मी तिला खाली बसवलं. तिचं उत्तर बरोबर होतं, माझं चूक. आणि ओळीतला पहिला शब्द मी मुद्दाम गाळला होता.

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, मग ही ओळ कोणी लिहिली?”

“माझ्या दादानं.”

“त्यांना ओळच सांगायची होती, तर वरचं खोटं कशाला पाठवलं?”

चौथा प्रश्न. मी म्हणाले, “कुणाच्या घरी जाताना आपण रिकाम्या हातानं जातो का? दोन केळी का होईना, नेतो. दादाला सकाळी सकाळी माझी चौकशी करायची असायची. नुसती कशी करायची, म्हणून तो हाताला लागेल ते घेऊन यायचा.”

मुख्याध्यापकांना मी म्हटलं, सर, फोटो काढा. आणि तेव्हा जिथं जिथं टाकला होता, तिथं तिथं टाका. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा पुसला आणि फोटो काढला.

संध्याकाळी मी नाशिकला घरी पोहोचून चपला काढत होते तेव्हा फोन वाजला. दादाचं नाव बघून मी तिथंच दारात बसले. पलीकडं कपबशांचा आवाज येत होता, म्हणजे तो हॉटेलातून बोलत होता.

“वाची दखाडं आठे,” तो म्हणाला. इथं वाचून दाखवलं. “वरलं खोटंच व्हतं ना?”

“खोटंच होतं, दादा.”

“आनि खालनं?”

“खालचं खरं.”

“हं.” परत कपबशा. मग त्यानं विचारलं, “आज घाटमा जीप हयू चालाडी का त्यानी?”

त्या जीपवाल्यानं एका हातात फोन आणि एका हातात स्टिअरिंग धरून जीप अशी हाणली होती की दोन वळणांवर शेजारच्या बाईची पिशवी माझ्या मांडीवर आली होती, आणि तिसऱ्यावर ती बाईच.

“हळू चालवली,” मी म्हटलं.

“कोनी सांगं?” दादा म्हणाला. “तू सोता देखं का?”

“सोता देखं, दादा. पुढेच बसले होते.”

तो नाकातून थोडासा हसला. बरं म्हणाला आणि फोन ठेवला. ‘माय’ म्हणाला नाही. मॅडमही म्हणाला नाही. त्याच्या बटणांच्या फोनवरून गुलाब येऊ शकत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी चष्मा लावून, फोन हातात धरून बसले होते. आखाजीला अजून अडीच महिने आहेत.